घळीतलं जांभळं पोलकं

आई, तुझ्या भावाची लेक आत्ता माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापत बसली आहे, आणि थापता थापता शेजारणीला तेच सांगते आहे जे ती जन्मभर सांगत आली : "माझी अव्वा मला न्यायाला सोलापुरातनं घळीपातूर चालत आली हुती की! रेल्वेनं न्हाय, गाडीनं न्हाय, पायानं!" शेजारीण नवी आहे, तिनं तोंडाचा आ केला असणार. मी आतल्या खोलीत बसून ऐकते आहे, आणि या वयात, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाल्यावरसुद्धा, माझ्या अंगाचा तिळपापड होतो आहे. अव्वा म्हणे, कानडीतली आई! तू तिची आत्या, आणि तिनं तुला अव्वा करून टाकलं. मी पोटची, मी नुसतं आई म्हणायचं, जगातलं कुणीही म्हणतं तसं. दोघींचे मालक गेले, पोरं पुण्याकडं, म्हणून आम्ही एका घरात राहतो. लोकांना वाटतं काय गोड बहिणी आहेत. असू दे वाटत.

तो शिमगा सोलापुरातल्या मार्शल लॉच्या आदल्या वर्षीचा. त्याच्या आधीच्या भादव्यात आपली धाकटी तापानं गेली होती. तू भिंतीकडं तोंड करून पडलीस ती पुढं उठलीस, कामालाही लागलीस, पण उठल्यासारखी वाटली नाहीस. मी दहा वर्षांची. धाकटी गेली तेव्हा मी रडले, खोटं नाही सांगत, पण रडून झाल्यावर माझ्या मनात आलं होतं की आता आई माझी एकटीची. कुठली एकटीची! तू मला भाकरी वाढायचीस आणि माझ्याकडं बघायची नाहीस. वेणी घालायला बसायचीस आणि तुझा हात मधेच थांबायचा. तिचे केस मऊ होते, माझे राठ, ते तुझ्या बोटांना कळत असणार. जिवंत होती तेव्हा मांडीवर तीच असायची, आणि गेल्यावरही मांडी काही मोकळी झाली नाही.

मग एका सकाळी तू आप्पांना म्हणालीस, "मला भावाकडं जायचंय. मेंढरं घळीत उतरली असतील आता." आप्पा गिरणीत साच्यावर. त्या खडखडाटात त्यांचे कान निम्मे गेलेले, त्यामुळं ते साधं बोलले तरी सगळ्या चाळीला ऐकू जायचं. "रेल्वेनं जाऊ की मग!" ते ओरडले. "न्हाय. चालत," तू म्हणालीस. "अगं, पोरीचं पाय?" "तिला जमतंय." बास, तेवढंच. पण त्या दोन शब्दांवर मी उडालेच. किती महिन्यांनी तू माझ्याविषयी काही बोलली होतीस! मी त्या रात्रीच पायांना तेल चोळून ठेवलं.

गाठोडं तू बांधत होतीस तेव्हा मी दारात उभी होते. कडक भाकऱ्या, शेंगांची चटणी, दोन चादरी, आणि त्या चादरींच्या घडीत काहीतरी जांभळं. मी ओळखलं. पंचमीला तू धाकटीला जांभळ्या खणाचं पोलकं शिवलं होतंस, एकदाच अंगात घातलेलं. गेलेल्या लेकराचे कपडे घरात ठेवत नाहीत, तू सगळे देऊन टाकलेस असं आप्पा समजून होते, मीही. आणि हे तर इथं! मला वाटलं, आईनं ते उसवून माझ्या मापाचं केलंय, घळीत मामापुढं मला घालणार. पाच वर्षांच्या पोरीचं पोलकं, त्याला उसवून उसवून किती उसवणार? पण तो विचार मला शिवलाच नाही. सगळी वाट मी त्या गाठोड्याच्या मागं मागं चालले.

आता जिथं एमआयडीसीत पॉवरलूम दिवसरात्र धडधडतात, सायकली लावायला जागा पुरत नाही, तिथं तेव्हा नुसता माळ होता, आणि माळावर तरवड पिवळी होऊन फुललेली. तू पुढं, मधे मी, मागं आप्पा. गिरणीतला माणूस, एका जागी उभं राहायची सवय, वळसंग यायच्या आत त्यांच्या टाचेला फोड आला आणि ते चपलेला शिव्या द्यायला लागले. वळसंगात त्यांच्या सोबत्याच्या घरी आपण ओट्यावर निजलो. दुसऱ्या दिवशी अक्कलकोट मागं टाकलं आणि मैंदर्गीच्या अलीकडं तू एकाएकी वाट सोडून माळात शिरलीस. "अगं, वाट हिकडं हाय!" आप्पा ओरडले. तू वळलीसुद्धा नाहीस. तुला पायांनी माहीत होतं. लांबवर नुसता सपाट माळ, एक झाड नाही, आणि मग एकदम पायापुढची जमीन फाटलेली. घळ! दोन्ही अंगाला काळे कडे, त्यांच्यावर निवडुंग, आणि खाली ओढ्याचा कोरडा पांढरा तळ, सगळी वाळू. थेंब पाणी नाही. आप्पांनी वरूनच "मेव्हणंऽऽ!" अशी हाळी दिली आणि घळीनं ती तीनचार वेळा परत दिली. आप्पा खूश. त्यांना म्हणे पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याएवढ्या आवाजात उत्तर दिलं.

मी खरंच सुखी होते तिथं उतरताना, आई. धोंडे तापलेले, हात टेकवत नव्हता, तू म्हणत होतीस, "बसून घसर, बसून," आणि मी बसून घसरले, परकराचा मागचा भाग पार घासून गेला, तरी तू रागावली नाहीस. खाली मामानं सावलीला बिऱ्हाड मांडलं होतं. घोडं, कुत्री, मेंढरांना कोंडायची वाघूर ताणलेली. आणि मामाच्या धोतराला धरून ही उभी होती, धाकटीच्याच वयाची. नाक वाहतंय, केसांच्या जटा, अंगावर बापाचं फाटकं मुंडासं गुंडाळलेलं. हिची आई आदल्या उन्हाळ्यात गेली होती. माणूस दिसलं की ही पळायची, मामा म्हणाला. तू गाठोडंही खाली ठेवलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "बारव्वा," ये गं बाई. आणि ही आली. सरळ आली आणि तुझ्या गुडघ्याला चिकटली.

मग तुम्ही दोघी कानडीत सुरू झालात. आप्पांना येत नाही म्हणून घरात तू कधी कानडी बोलली नव्हतीस, मला त्यातलं ओ की ठो कळेना. तुझा आवाजच वेगळा लागत होता, वरचा, पोरीबाळीसारखा. ही काहीतरी म्हणाली आणि तू हसलीस. भादव्यापासून पहिल्यांदा! आप्पा चपला काढायचे थांबले आणि तुझ्याकडं बघत राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि मला काय झालं सांगू? मला वाटलं त्या पोरीला धरून निवडुंगात ढकलून द्यावं. सहा महिने मी तुला हसवायला काय काय केलं होतं, आप्पांची नक्कल केली, मांजरासारखी ओरडले, आणि ही शेंबडी एका वाक्यात काम करून मोकळी.

पुढचे दिवस कुणालाही हेवा वाटावा असे होते. वाळूत हातानं झिरा उकरायचा, आधी गढूळ पाणी येतं ते उपसून टाकायचं आणि निवळ येईपर्यंत शेजारी बसून राहायचं. तीन धोंड्यांवर हुलग्याचं माडगं शिजायचं. पाखुर्डी पाखरांचे थवे पाण्याला उतरायचे. आप्पा रोज सकाळी कड्यासमोर उभं राहून गिरणीतल्या मुकादमाचं नाव घेऊन शिव्या घालायचे आणि घळीकडून त्या परत ऐकून पोट धरून हसायचे. आणि मी? मी मोजत बसायचे, तू हिला किती घास भरवलेस, माझ्याशी किती बोललीस. वाळूवर निजताना तुझ्याशेजारी माझी जागा, ती हिनं घेतली. मी आप्पांच्या घोरण्याशेजारी.

त्यातच एका मेंढीचं कोकरू जन्मून मेलं. दुसरीकडं एक मेंढी व्यायली आणि मेली, तिचं कोकरू जिवंत. मामानं ते पोरकं कोकरू पहिल्या मेंढीला लावून बघितलं, तिनं हुंगलं आणि अशी ढुशी दिली की ते वाळूत कोलमडलं. मग मामा मेलेलं कोकरू घेऊन बसला, त्याचं कातडं सोललं, आणि पोरक्याच्या अंगावर चढवलं, चार पाय चार भोकांतून काढून, पोटाखाली दोरी बांधून. मला शिसारी आली, तरी नजर हलेना. मेंढी आली. तिनं शेपटीजवळ हुंगलं, पुन्हा हुंगलं, एक पाय आपटला, आणि उभी राहिली. कोकरू प्यायला लागलं. तू चुलीपाशी काहीतरी करत होतीस, ते टाकून तू बघत होतीस. किती वेळ बघत होतीस!

दुसऱ्या दिवशी सकाळी तू हिला झिऱ्यावर न्हाऊ घातलंस, केसांच्या जटा सोडवल्यास, आणि गाठोड्यातून ते जांभळं पोलकं काढून हिच्या अंगात घातलंस. उसवलेलं नव्हतं. माझ्या मापाचं नव्हतं. हिला मात्र ते असं बसलं, की आप्पा बघून मागं वळले आणि कड्याकडं चालू लागले. मी ओरडले, तुला आठवतंय का ते? मी म्हणाले, "ती मेंढी फसली, तू बी फसलीस व्हय? त्या मेंढीसारखी?" घळीनं तेही परत दिलं, "मेंढीसारखी, सारखी, सारखी." मला वाटलं आता कानाखाली बसणार. तू मारलं नाहीस. तू हिचं पोलक्याचं शेवटचं बटण लावून घेतलंस आणि मग माझ्याकडं बघितलंस, नीट, डोळ्यांत डोळे घालून, भादव्यानंतर पहिल्यांदा.

"मेंढीला कळत न्हाय व्हय?" तू म्हणालीस. "तिला समदं कळतंय. आपलं कुटलं, परकं कुटलं. पन कास ताटलीया तिची. कुटं ठेवील ती दूध?"

"आनि मी? मी हाय की!"

"तू हायस म्हनून तर हितवर चालत आले मी. न्हायतर घरातनंच उठले नसते."

मला ते उत्तर तेव्हा पुरलं नाही. मी पाय आपटत मेंढरांत जाऊन बसले. तीन दिवसांनी मामानं कोकराचं कातडं सोडून टाकलं, मेंढीला आता त्याची गरज नव्हती. आपण परत निघालो ते हिला संगं घेऊन, चौघं. येताना सबंध वाट ही कधी तुझ्या कडेवर, कधी आप्पांच्या खांद्यावर, आणि मी चालत. वळसंगजवळ माझ्या पायात काटा मोडला, आप्पा म्हणाले, "हिलाबी घेऊ का जरा?" तू म्हणालीस, "तिला जमतंय." जाताना ज्या शब्दांवर मी उडाले होते, तेच शब्द. येताना मी त्यांच्यावर रडले.

आणि मग जन्मभर जमवलंच की मी. ही मऊ, हिला जपायचं, मी राठ, मला जमतंय. तुझ्या शेवटच्या आजारपणात रात्री जागले मी, औषधं दिली मी, आणि डोकं ठेवलंस ते हिच्या मांडीवर. ते पोलकं हिनं जपून ठेवलं, पुढं वाकळेत मधोमध शिवून टाकलं. हिला वाटतं, अव्वानं घळीत येताना तिच्यासाठी नवं शिवून आणलं होतं. तिला कुणी सांगितलंच नाही. आप्पा बोलले नाहीत, तू बोलली नाहीस. आमची भांडणं काय कमी झाली? कितीदा ते माझ्या अगदी दाताशी आलं : अगं बये, ते तुझं नव्हतं, मेलेल्या पोरीचं होतं, आणि अव्वा चालत आली ती तुझ्यासाठी नव्हे! आत्तासुद्धा आलं होतं, ती शेजारणीला सांगत होती तेव्हा. मी गिळलं.

तुला वाटेल, शहाणी झाली लेक, मन मोठं झालं. कसलं मोठं मन घेऊन बसलीस! तिला सांगितलं तर ती रडेल, रडू दे, रडण्याचं काही नाही. पण मग पदरानं डोळे पुसून ती विचारणार, "आनि काय म्हनली अव्वा तवा?" आणि मला ते सांगावं लागेल. त्या सकाळी आप्पा लांब कड्याकडं गेलेले, मामा मेंढरांमागं; ती तुझ्या हाताशीच उभी होती, पण तिला तेव्हा मराठीचा एक शब्द कळत नव्हता. तू जे बोललीस ते माझ्याशी बोललीस, माझ्या भाषेत, आणि ते ऐकणारं त्या घळीत माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

आता तिला मराठी वाचता येतं, मीच शिकवलं, म्हणून हा कागद घरात ठेवता यायचा नाही. ती हाक मारते आहे, "अक्का, ये की, भाकरी गार व्हायली." जाते. फुगलेली पहिली भाकरी ती माझ्याच ताटात टाकते, रोज, आणि वर लोण्याचा गोळा. मांडी तिनं घेतली, वाकळ घेतली, अव्वा घेतली. हे एक वाक्य मात्र मी तिला देणार नाही, आई. एवढं एक नाही देणार.