काकीसमोर वाजवलेल्या टाळ्या

रविवार, रनाळे

पाण्यात फवारणीचं औषध उतरलं असेल तर हिरवं चमकेल, असं प्रथिन घडवण्यात माझी चार वर्षं गेली. आज काकीच्या विहिरीचं पाणी त्या प्रथिनाच्या परीक्षानळीत घातलं आणि नळी चमकली. मी टाळ्या वाजवल्या. काकीसमोर.

“मन्हं पाणी चांगलं शे ना?” तिने हसून विचारलं.

तेव्हा कुठे भानावर आले. मग सगळं सांगितलं, हे पाणी पिऊ नकोस म्हटलं.

ती म्हणाली, “मंग तू इतली खूश काबर व्हयनी?”

प्रथिन चाललं म्हणून? त्या टाळ्या कशाला वाजवल्या मी…

जेवताना तिने शेजारून मागून आणलेलं नळाचं पाणी माझ्यापुढे ठेवलं. स्वतः माठातलं, विहिरीचंच प्यायली.