छपराचं लाकूड

आलापल्ली,
१८ फेब्रुवारी १९५७

प्रिय देवाजी,

आम्ही सुखरूप पोचलो. बाचे डोळे चांगले आहेत. वर्गातल्या पोरींच्या पाट्या तपासून झाल्या आणि आता ओसरीवर बसून तुला लिहिते आहे. बा घरी नाही, जंगलखात्याच्या डेपोकडे गेला आहे. तो तिकडे कशाला गेला, ते पुढे सांगते. आधी तुझ्या लॉजिंगविषयी लिहायला हवं, कारण त्याची तुला फार काळजी होती. लॉजिंग उत्तम होतं. लॉजिंगवाल्या गुंडावारांनी आमची आपल्या माणसांसारखी व्यवस्था ठेवली. बा पोळी चावत नाही हे दिसल्यावर त्यांनी न सांगता दोन्ही वेळा मऊ भात पाठवला. तक्रारीला जागा नाही. तू निवडलेल्या गोष्टीत तक्रारीला जागा कधीच नसते.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र आलं तेव्हा बाला समोरचं माणूस ओळखू येत नव्हतं, आवाजावरून नाव घ्यायचा. मोतीबिंदू पिकला आहे, चांद्याला आणा, इस्पितळात मी बोलून ठेवतो, असं तू लिहिलंस. ते वाचून दाखवलं तेव्हा बा उठून उभा राहिला होता. मग खालचा मजकूर वाचला. घर लहान आहे, हवा येत नाही, येणारंजाणारं फार, बाला विश्रांती मिळायची नाही. तेव्हा राहण्याची सोय बाहेर करू. आणि खाली तीन जागा. महाकालीची धर्मशाळा, पण तिथे गर्दी आणि चूल आपली आपण मांडायची. स्टेशनाजवळच्या खोल्या स्वस्त, पण ढेकूण आणि कोळशाचा धूर. आणि गोलबाजारातलं लॉजिंग, ना साहेबलोकांचं ना गाडीवानांचं, मध्यमवर्गी माणसाला शोभेल असं, तळमजल्यावर खोली, नळ, विजेचा दिवा आणि डोक्यावर पंखा. पौष महिन्यात पंखा, देवाजी. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे पत्र तू बासाठी लिहिलेलंच नाहीस.

पण बाने ते पत्र मनावर घेतलं. आठवडाभर आमच्या ओसरीवर दुसरा विषय नव्हता. लटारू कोर्टाच्या तारखेला चांद्याला जाऊन आला होता, त्याला बोलावून बाने तिन्ही जागांची चौकशी केली. रेंजर साहेबांच्या बाईंकडे मला पाठवलं. त्या म्हणाल्या, गोलबाजारातलं बरं, बायामाणसांना राहता येतं. धर्मशाळा मला आवडली असती, स्वयंपाक तरी हातचा झाला असता. बाने सगळं ऐकून घेतलं आणि लटारूला एकच विचारलं, तिथून देवाजीचं घर किती लांब. लटारू म्हणाला, बाजार ओलांडला की गल्लीच्या तोंडाशी. बा म्हणाला, मग तेच. कचेरी सुटली की पोरगा जाताजाता बसून जाईल, त्याला पायपीट नको. तू ती जागा तिच्या पंख्यासाठी निवडलीस. बाने तिथून तुझं घर जवळ होतं म्हणून निवडली.

निघण्याआधी त्याने चिन्नोर तांदळाची गोणी स्वतः शिवली. दिसत नव्हतं तरी दाभण कुणाच्या हाती दिलं नाही. आई गेल्यापासून त्याने कुणासाठी काही शिवलेलं मी पाहिलं नव्हतं. आष्टीला वैनगंगा नावेने ओलांडायची तर गोणी मांडीवर घेऊन बसला. नाववाला म्हणाला, बुढा, खाली ठेव, भिजत नाही. बा म्हणाला, सुनेसाठी चाललं आहे. पलीकडच्या मोटारीत भेटेल त्याला सांगत होता की माझ्या पोरानं माझ्यासाठी चांद्यात हॉटेल केलं आहे, पंख्याचं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मोटारीतली माणसं वा वा म्हणत होती, आणि बा खूश होता.

तू स्टँडवर आलास, टांगा करून आणला होतास, हे खरं. बाचा हात धरून टांग्यात बसवलंस हेही खरं. पण बोललास कसा? आपण इथे बसावं. आपल्याला त्रास झाला नाही ना. बाने मान वळवून मला विचारलं, कोणी दुसरं आहे काय सोबत? आपल्या घरात बाला 'आपण' असं कोणी म्हटलं आहे, देवाजी? आईशी तो भांडायचा तेव्हासुद्धा घरात तू-मीच चालायचं. तुझा आवाज ओळखून त्याचा चेहरा फुलला होता, आणि त्या आवाजातून परकं माणूस बोलत होतं. खोली दाखवून तू पंखा फिरवून पाहिलास, नळ सोडून पाहिलास, आणि साहेबांकडे बैठक आहे म्हणून गेलास. गोणीकडे बघितलंस. म्हणालास, हे कशाला आणलं, इथे सगळं मिळतं.

ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, उशीच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही. इस्पितळात तू एकदा आलास, संत्री घेऊन. डॉक्टरांशी इंग्रजीत बोललास. मी बाच्या कानाशी सांगितलं की देवाजी आला आहे. त्याने हात पुढे केला आणि तू त्या हातात संत्रं ठेवलंस. तू गेल्यावर ते त्याने सोलू दिलं नाही, पोरीसाठी ठेव म्हणाला. तुझ्या पोरीसाठी. ती त्याने अजून पाहिलेली नव्हती, तिची दुसरी दिवाळी होऊन गेली तरी.

मग लॉजिंगवर परतलो. चष्मा मिळेपर्यंत थांबायचं होतं. कचेरी सुटायच्या वेळेला बा रोज ओल्या फडक्याने तोंड पुसून, टोपी घालून खाटेवर बसायचा. पट्ट्यांवरून टोपी. व्हरांड्यात चपला वाजल्या की तोंड दाराकडे. कापडाचे व्यापारी असायचे, बीजाचे एजंट असायचे. गुंडावारांच्या ते लक्षात आलं, मग ते स्वतःच त्या वेळी येऊन त्याच्याशी धानाच्या गोष्टी बोलत बसायला लागले. तुझ्या जागी, देवाजी, एक परका कोमटी येऊन बसत होता, आणि तुझं घर बाजाराच्या पलीकडे होतं. मी एकदा म्हटलंच बाला, मी जाऊन बोलावून आणते. तर म्हणाला, "नको. सायबाची नोकरी आहे त्याची. येईन तो."

चष्मा आला त्या दिवशी आम्ही आलो तुझ्याकडे. तू म्हणशील कळवलं नव्हतं. बापाने कळवून यायचं असतं का, हे मी शाळेत शिकवलेलं नाही. बाला आता सगळं दिसत होतं, लहान पोरासारखा वर बघत चालत होता. दुकानांच्या पाट्या बघून मला म्हणाला, अक्षरं किती काळी असतात गं. त्याला वाचता येत नाही, पण अक्षरं काळी दिसली याचाच त्याला आनंद. गोणी डोक्यावर घेतलेला हमाल मागून येत होता.

कुमुदचा काही दोष नाही. तिने चहा केला, पाया पडली, पोरीला आणून बाच्या मांडीवर दिलं. पोर जाड भिंगांना घाबरून रडली, तर तिने पटकन उचलूनही घेतलं नाही, राहू दिलं. खरं सांगायचं तर ती तुझ्यापेक्षा मोकळी वागली. तूच दारात उभा होतास, कोणी बघतं आहे का ते बघत. बा उठला आणि म्हणाला, घर पाहतो. इतके दिवस अंधार होता, त्याला सगळंच पाहायचं होतं. तू मध्ये आलास, म्हणालास, बघण्यासारखं काही नाही. पण तो गेला. देवघर पाहिलं, विहीर पाहिली. आणि मागची खोली पाहिली.

ती खोली मीही पाहिली. दोन खिडक्या. सारवलेली नाही, फरशीची. पलंग, त्यावर पांढरी चादर, मच्छरदाणी बांधून वर केलेली, उशाशी तांब्या. कोणी राहत नव्हतं. कुमुद साधेपणाने म्हणाली, माझे बाबा येणार आहेत नागपूरहून, हवापालटाला, महिनाअखेर. तिला काय ठाऊक तू आम्हाला काय लिहिलं होतंस? तुझं तोंड उतरलं. मला वाटलं, आता बा काहीतरी विचारेल. तो पलंगाजवळ गेला, गादी तळव्याने दाबून पाहिली. म्हणाला, "खोली चांगली आहे. हवा येते." बस. मग म्हणाला, रंभा, चल, गुंडावार वाट पाहत असतील. कुमुद जेवायला थांबा म्हणत होती. तू टांगा बोलवायला गेला होतास.

कुमुदच्या बाबांनी, वकीलसाहेबांनी, तुला ते घर मिळवून दिलं, नोकरीसाठी शब्द टाकला, त्यांचा तुझ्यावर भार आहे, हे मला समजतं. त्यांच्यासमोर धोतराचा काष्टा मारलेला, मले-तुले बोलणारा बाप नको वाटतो, हेही मी समजू शकते. समजण्यासारखं सगळंच असतं. पण ते तेव्हा आले नव्हते, देवाजी. खोली रिकामी होती. तिची चादरसुद्धा मळली नसती, बाला सरळ झोपायचंच सांगितलं होतं.

परतीच्या वाटेवर आष्टीला नावेत लटारू भेटला, तारखेहून येत होता. त्याने विचारलं, काऊन सोमाजीभाऊ, पोराच्या घरी राह्यले का लॉजिंगात? मी काही बोलायच्या आत बा म्हणाला, "कुठी राहतो बापा घरी. त्याच्या घराचं छप्पर उतरवलं होतं. कवेलू काढून राह्यले, लाकडं सडली होती. म्हणून त्यानं मले लॉजिंग करून देल्लं. पंख्याचं." लटारू माझ्याकडे बघायला लागला. मी पाण्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शेताच्या एका धुऱ्यासाठी, बांधासाठीसुद्धा खोटं सांगितलं नाही, तो नदीच्या मधोमध बसून तुझ्या छपराची लाकडं सडवत होता.

मला वाटलं, तिथेच संपेल. पण गावात ज्याने त्याने विचारलं आणि ज्याला त्याला तेच सांगावं लागलं. सांगता सांगता छप्पर मोठं होत गेलं. सुतार आले, पाऊसपाण्याआधी झालं पाहिजे म्हणून पोरगा धावपळ करतो आहे, त्याला भेटायलाही फुरसत नव्हती. तुला आता कळलं का, तू का आला नाहीस? बाने तुझ्यासाठी कारण शोधून दिलं आहे. मग एक दिवस चावडीवर कोणीतरी म्हणालं, सोमाजीभाऊ, तुमी आलापल्लीत राहता, दुनियेले साग इथून जाते, आन् पोराच्या घराले चांद्याचं लाकूड? बा घरी आला तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने परवाना काढला आणि डेपोतून सागाच्या बल्ल्या निवडायला गेला. एकेक बल्ली हाताने चाचपत होता आणि नव्या चष्म्यातून गाठी बघत होता. आजही तिथेच आहे.

देवाजी, बाने मला सांगून ठेवलं आहे की देवाजीला लिही, लाकूड येऊन राह्यलं. त्यासाठी हे पत्र. परवा डेपोचा ट्रक बल्ल्या घेऊन निघेल आणि तुझ्या दारासमोर उतरवेल. परत पाठवू नकोस. हे कशाला आणलं, असं म्हणू नकोस. उतरवून घे, मग त्यांचं काय करायचं ते कर, बंबात घातल्यास तरी मी विचारायला येणार नाही. पण काल संध्याकाळी बा मला म्हणाला, "छप्पर झालं का मंग जाऊ त्याच्या घरी. पंधरा दिवस राहू. पोरगी ओळखीची होईन." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने आपलीच गोष्ट खरी मानली आहे की मला सांगून त्याला तुझ्याकडून तेवढं करवून घ्यायचं आहे, ते मला ओळखू आलं नाही. इतके दिवस मी त्याच्यासमोर गप्प राहिले. इथून पुढे तुझ्या वतीने मी काही बोलणार नाही, खरंही नाही आणि खोटंही नाही. छप्पर केव्हा पुरं होतं ते बाला तू स्वतः लिही. त्याला वाचता येत नाही, म्हणून तुझं पत्र मीच वाचून दाखवीन. तू 'या' असं लिहिलंस तर तसं वाचीन. अजून काम चालू आहे असं लिहिलंस तर तेही तसंच वाचीन, एक अक्षर न बदलता, त्याच्या समोर बसून.

लहानपणी तुला कडेवर घेतलं होतं, तेवढ्यापुरती अजून

तुझीच,
रंभाबाई