कुत्र्यांच्या सालाची दुरुस्ती

आज घरात आलेले: फुलस्केप कागद एक दस्ता, रुपये पस्तीस. निळी पेने दोन, वीस. मोठी पाकिटे व तिकिटे मिळून साठ. वकीलसाहेबांनी पाचशे सांगितले होते, तीनशे दिले. स्टँपपेपर आणला नाही, मृत्युपत्राला साधा कागद चालतो असे त्यांच्याच तोंडून निघाले.

मी, श्रीमती अंबूबाई विजयसिंह साळोखे, वय वर्षे ७२, जुनी मॅट्रिक, काम घरकाम, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, अंबाबाईला स्मरून लिहून ठेवते की माझे डोके जागेवर आहे, सकाळचा हिशेब पहिल्याच बेरजेला जुळला आहे, आणि कुणी दटावून किंवा गोड बोलून हे माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. उलट हे लिहू नये असे माझेच मन एकोणीस वर्षे मला सांगत आले.

१. शिवाजी पेठेतले दोन खोल्यांचे घर मुलगा राजवर्धन व सून अनुजा यांना समान. तुळशीकट्टा पाडून तिथे मोटारसायकल लावायची नाही.

२. पोस्टातली ठेव मुलगी संयोगिता हिला. तिच्या लग्नात मी हात आखडता घेतला. ती म्हणाली होती, "आई, माझ्याच टायमाला बरी तुला काटकसर आठवती." तेव्हा मी तिलाच रागावले. तिचे बरोबर होते.

३. पाटल्या दोन व शिलाई मशीन अनुजाला. मशीनला तेल महिन्याला, जास्त नको. तांब्याचे घंगाळ सन १९८८ पासून माझी जाऊ आक्का हिच्याकडे आहे, "उद्या आणून देतो" म्हणून नेलेले. ते तिच्याकडेच राहू द्यावे. दर हळदीकुंकवाला मी चार बायकांत तिला त्यावरून टोचून बोलत आले. जिने खालच्या कलम सहात लिहिलेले केले, तिला घंगाळावरून कुणाला बोलायचा अधिकार नाही. आक्काला एवढे सांगावे, कारण सांगितले नाही तरी चालेल.

४. गगनबावड्याच्या अलीकडची चार एकर गवताची पड जमीन, जी सासूबाई चिमणाबाई यांनी माझ्या नावे केली, ती मला तिथल्या आतल्या मंडळींच्या, म्हणजे सशांच्या नावे करायची होती. वकीलसाहेब म्हणाले, "काकू, सातबाऱ्यावर ससा कसा चढवायचा? आधार कार्ड कुठनं आणायचं त्याचं?"

मी म्हटले, "चढवता येत न्हाई तर ऱ्हाऊ दे. पण मग त्यांना तिथनं काढायचं तरी कुठल्या कायद्यानं? ती आमच्या आधीपास्नं हायत की."

साहेबांनी चष्मा पुसला आणि विश्वस्त नेमायला सांगितले. त्याप्रमाणे ही जमीन विश्वस्त म्हणून विद्याश्री गुरुसिद्ध पट्टणशेट्टी यांच्याकडे जाईल. त्या मूळच्या कुरुंदवाडच्या, तिथल्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांचे घर आमच्या बांधाला लागून आहे, आतली मंडळी त्यांच्याशीही बोलतात. जमीन नांगरू नये, खणू नये, कुंपण घालू नये, रिसॉर्टवाल्याला देऊ नये. गवत दिवाळीनंतरच कापावे. माझ्या मृत्युपत्राची अंमलबजावणीही विद्याश्रीबाईंनीच करावी.

५. माझ्या मुलांना ही मंडळी माहीत नाहीत. आमच्या घरात हे सासूने सुनेलाच सांगायचे असते, म्हणून इथे लिहिते.

दिसायला ते रानसशांसारखेच, पण बिळे करून राहतात आणि बोलतात. ओळखीच्या बाईशीच बोलतात, गावाकडच्या भाषेत. स्वतःला 'आतली' म्हणतात, आपल्याला 'वरची'. त्यांचे मूळ घर कोकणात. भाताच्या खाचरांचे पाणी बिळात शिरायला लागले म्हणून ते घाट चढून आले. वर येऊन बघतात तर पाऊस दुप्पट. तरी परत गेले नाहीत, कारण वाट दाखवणारी म्हातारी वर पोचल्या दिवशीच वारली, आणि तिला एकटीला टाकून उतरायचे कसे?

त्यांच्यात सालाला आकडा नसतो, नाव असते. दोन आगींचे साल. कोल्ह्याचे साल. करवंदे न आल्याचे साल. दसऱ्यानंतर गवत वाळले की सगळी जमतात आणि सर्वांत वयस्कर बाई मागचा पाय आपटत एकेका सालाचे नाव घेते. हाच त्यांचा इतिहास, लिहिलेला कुठेही नाही. मेलेल्यांची ते मोजदाद करत नाहीत, नावे घेतात. आणि प्रश्न एकदाच विचारतात. तोच प्रश्न पुन्हा विचारणे म्हणजे समोरच्याला खोटे पाडणे, आणि ते त्यांच्यात फार वाईट समजतात.

एका साली बिळाची सगळी तोंडे पाण्याने बुजली, तेव्हा आमच्या घरातल्या एका सुनेने खुरप्याने बाहेरून वाट करून आतल्यांना काढले. तेव्हापासून बिळाचे एक चोरतोंड आमच्या सुनेला सांगून ठेवतात. कुठल्या झाडापासून किती पावले, कुठल्या दगडाखाली. पुराला तिने धावून जायचे. सासूबाईंनी माझ्याकडून १९७९ साली हे घोकून घेतले आणि बजावले, "कागदावर न्हाई हां अंबू. तुला लिवायची लई खोड हाय."

६. सन २००४ मध्ये सासूबाई गेल्या आणि मला विसरायची भीती वाटायला लागली. आयुष्यात मी जे विसरले नाही ते लिहिल्यामुळेच. म्हणून मी वाणसामानाच्या वहीत, शेंगतेल आणि तूरडाळ यांच्या मध्ये, लिहिले: 'ससे. चोरतोंड. आंब्यापासून दक्षिणेस बावीस पावले, काळा दगड.' वही फडताळात असायची. कोण वाचणार, असे वाटले.

२००६ च्या एका रविवारी राजवर्धन मित्रांबरोबर शेताकडे गेला आणि साफ केलेले मटण घेऊन आला. मी विचारले नाही. मसाला वाटला, तांबडा केला, पांढरा केला. पंगत बसली. एकजण म्हणाला, "काकू, रस्सा म्हंजे नाद खुळा झालाय की!"

राजवर्धन हसत म्हणाला, "आईचीच किरपा. वहीत पत्ता लिवून ठेवलाय तिनं. तोंडावर जाळी लावली, आत धूर सोडला, पाच मिंटात काम."

माझ्या हातात पळी होती. खरे सांगते, मला त्याच क्षणी सगळे कळले. आणि मी काय केले? "पावणं, आणि वाढू का?" असे विचारले. दुसऱ्यांदा वाढले. ताटावर बसलेल्याला उठवायचे नाही एवढेच आयुष्यभर शिकलेले. तेवढेच त्या वेळी आठवले. मी स्वतः जेवले नाही, पण त्याने काय होते? भांडी घासून पालथी घातली.

राजवर्धनचा यात दोष नाही. ते बोलतात हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. हे वाचून त्याने जेवण टाकू नये. शिकारीला कायद्याने बंदी आहे एवढे मात्र त्याला तेव्हाही माहीत होते, ते त्याचे त्याने बघावे.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मी शेतावर गेले. आतल्यांतली सर्वांत वयस्कर बाई कुसळाबाई (जन्म कुसळीच्या गवतात, म्हणून नाव) दगडापाशी बसली होती. तिने विचारले, "अंबू, कोण आलतं गं?"

मी म्हणाले, "धनगरांची कुत्री आली असतील."

तिने कान खाली केले आणि पुन्हा विचारले नाही.

धनगरांच्या कुत्र्यांचा आणि त्यांचा पिढ्यान्‌पिढ्या सलोखा होता. कोल्हा आला की कुत्री भुंकून कळवायची. त्या दिवसापासून तो मोडला. एक पिवळी कुत्री कितीतरी दिवस बिळापाशी येऊन बसायची, शेपटी हलवायची. आतून कुणी बोलले नाही. मी बांधावर उभी राहून बघितले. त्यांची पिल्ले आता कुत्र्याचे नाव काढले की थरथरतात. आणि दर दसऱ्यानंतर कुसळाबाई पाय आपटते आणि म्हणते, 'कुत्र्यांचं साल'. मी दोनदा तिथे बसून ते ऐकले आहे. मान हलवली आहे.

तेव्हापासून मी मांसाहार सोडला. पेठेत बायका म्हणाल्या, अंबूबाईंनी देवीला नवस बोललाय, केवढी भक्ती. मी ते मान खाली घालून ऐकून घेतले. देवीच्या नावावर माझे पाप खपवले, याचा जाब देवी वेगळा विचारेल.

किती जीव गेले ते मला माहीत आहे, कारण वाढणारीला कळतेच. आकडा इथे लिहीत नाही. नावे मला माहीत नाहीत.

म्हणून मी जाहीर करते की धनगरांच्या कुत्र्यांनी काही केले नाही. त्या सालाला 'अंबूच्या वहीचे साल' म्हणावे, किंवा आतल्यांना योग्य वाटेल ते नाव द्यावे. २००४ ची वही मी जाळलेली नाही, फडताळात वरच्या खणात आहे. ती आतल्यांना दाखवून मग त्यांच्यासमोर जाळावी.

७. त्या घटनेनंतर त्यांनी नवे चोरतोंड केले आणि कुसळाबाईने विश्वासाने ते मलाच सांगितले. ते मी कुठेही लिहिलेले नाही. पण हल्ली मला दूध उतू गेलेले कळत नाही, परवा संयोगिताचे सासरचे आडनाव आठवेना. घाटमाथ्यावरचा पाऊस तोंडावर आला आहे. मी विसरले किंवा गेले, तर पुरात ती मंडळी आतच राहतील. अनुजाला सांगायला हवे. पण ज्यांच्या जिवाचे ते आहे, त्यांना खरे न कळवता त्यांचे गुपित दुसऱ्या सुनेच्या पदरात टाकणे म्हणजे तीच चोरी पुन्हा. तेव्हा कलम पाच व सहा माझ्या मरणाची वाट न बघता त्यांना आत्ताच वाचून दाखवावे. सलोख्याचे घराणे आमचेच राहायचे की दुसरे निवडायचे, ते त्यांनी ठरवावे.

ठिकाण: शिवाजी पेठ, कोल्हापूर
दिनांक: ९ मे २०२५, शुक्रवार

सही: अंबूबाई विजयसिंह साळोखे

साक्षीदार (यांनी फक्त माझी सही होताना बघितली आहे, मजकूर वाचायला दिलेला नाही):
१. आदर्श शंकर माजगावकर, औषध दुकानदार, शेजारी. "काकू, नुसती सहीच करू? वाचू तर द्या," म्हणाला. दिले नाही.
२. शांतव्वा बसाप्पा हुक्केरी, वरच्या मजल्यावरच्या.

विद्याश्रीबाई, सोबत नक्कल पाठवली आहे. माझे गुडघे गेले आहेत हे खरे, पण मी स्वतः न येण्याचे खरे कारण ते नव्हे. दिवाळीला आले होते तेव्हा कुसळाबाईसमोर तोंडापर्यंत आले, आणि मी गवताची चौकशी करून परत आले. तुम्ही तिला वाचून दाखवा. सहावे कलम सावकाश वाचा, 'वाढू का' हे गाळू नका. फोन करू नका, फोनवर मी मधेच बोलून स्वतःची बाजू सावरेन. कुसळाबाई काय म्हणाली, अनुजाला सांगू की नको, ते तिच्या शब्दांत, वाईट असेल तर तसेच, मृग लागायच्या आत उलट टपाली कळवावे. तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे.