ब्रॉनविनला घरी आणण्याची मोहीम

१६ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.१०

बॅग भरली. आज सिडनी. २७ तारखेला परत, ब्रॉनविनला घेऊनच. आपल्या मुलगारी गावच्या पोस्टात काउंटरची जागा रिकामी आहे. पोस्टमास्तर क्लॅरीला शब्द देऊन टाकलाय की चार मेपासून माझी मुलगी रुजू होते. ब्रॉनविनला अजून सांगितलेलं नाही. अशा गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात.

पोरगी नऊ वर्षं त्या शहरात एकटी आहे. वय चौतीस. तिची आई असती तर केव्हाच कान धरून घेऊन आली असती. नोरीनला जाऊन चार वर्षं झाली. मला त्याचा काही त्रास नाही. माझं मी बघतो, जेवणाचे हवाबंद डबे उघडायला काय अक्कल लागते? प्रश्न पोरीचा आहे.

शहरासाठी सुरक्षेचे नियम केले. पाकीट मोज्यात. हॅटच्या आत नाव आणि ब्रॉनविनचा पत्ता. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. हॉटेलात पाठ भिंतीला.

निघताना घराला कुलूप लावायला गेलो तर किल्लीच सापडेना. एकतीस वर्षांत कधी लावलंच नाही. तसाच निघालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.३०

पोचलो. ब्रॉनविन स्टेशनवर आली होती. किती वाळलीस, म्हटलं. म्हणाली, अरे बाबा, चार किलो वाढलेय. एकटेपणानं माणूस फुगतो. कुठंतरी वाचलंय.

१७ एप्रिल, शुक्रवार

बसनं फिरलो. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला आपल्या गावच्या रीतीप्रमाणे एक बोट उचलून रामराम केला. एकशे त्रेचाळीस गाड्या. उत्तर एकाच ड्रायव्हरनं दिलं, तेही भलत्याच बोटानं. इथं पोरगी नऊ वर्षं कशी काढते?

रात्रीचं जेवण बाहेर, क्वान नावाच्या व्हिएतनामी माणसाच्या हॉटेलात. ब्रॉनविन साडेसातला कामावरून थेट येणार होती. मी जेवणाच्या वेळेला, म्हणजे पाचला, हजर. दार बंद. सहाला उघडतं म्हणे. क्वाननं बाहेर स्टूल दिलं, चहा दिला. नियमाप्रमाणे त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. चहा चांगला होता.

इथं आपापलं ताट नसतं. मधोमध एक अख्खा मासा, डोळ्यांसकट, आणि सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. पाठ भिंतीला लावायची म्हणून मी कोपऱ्यात बसलो होतो, हात पुरेना, म्हणून मासाच माझ्याकडे ओढून घेतला. ब्रॉनविनला शेपटी मिळाली. तिला भूक नसावी. ती वेटर बाईच्या आजारी मांजराची चौकशी करत बसली. बिचारी, वेटरशी बोलून दिवस काढते.

बिल मीच देणार होतो. बूट काढला, मोजा काढला. शेजारच्या टेबलावरचे लोक जेवायचे थांबले. पाकीट जरा दमट झालं होतं. क्वान म्हणाला, राहू द्या हो काका, पुढच्या वेळी द्या. ब्रॉनविननं आपलं कार्ड काढलं आणि वर बघितलंच नाही. पाकीट मात्र सुरक्षित.

१९ एप्रिल, रविवार

ब्रॉनविन दिवसभर मरूब्राच्या किनाऱ्यावर. दर रविवारी जाते. लाल-पिवळी टोपी घालून वाळूत उभी राहते आणि पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवते. पंधरा जणांची तुकडी आहे आणि म्हणे ही त्यांची कॅप्टन. पगार? छदाम नाही. म्हटलं, पगाराशिवाय उन्हात उभं कोण राहतं? ज्याला घरी कुणी नाही तो. मनातच म्हटलं.

पुढच्या रविवारी सीझनची शेवटची ड्युटी, मग तुकडीच्या क्लबात जेवण. म्हणाली, बाबा, तू ये हं, मला तू तिथं हवायस. तेवढंच मागते.

उत्तम. जेवताना उठून चार लोकांत पोस्टाची बातमी जाहीर करीन. चार लोकांत नाही म्हणता येत नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

दुपारी क्वानकडे एकटाच जेवलो. या वेळी आधीच बूट काढून बसलो होतो, त्यामुळे गडबड नाही. परतताना मागून एक माणूस ओरडत पळत आला, हातात काहीतरी काळं. मी पळालो. सदुसष्टाव्या वर्षी तीन चौक! त्याला चुकवून एका चर्चमध्ये शिरलो, तिथं कुणाचं तरी लग्न चाललं होतं, संपेपर्यंत बसलो.

संध्याकाळी बेल वाजली. दारात क्वान, हातात माझी हॅट. आतला पत्ता वाचून आला. ब्रॉनविन हसून हसून भिंतीला टेकली. त्याला घरात घेतलं, बिअर दिली. क्वान म्हणाला, काका, तुमची छाती मजबूत आहे, मला दम लागला.

हे सगळं ठीक आहे, पण आता त्याला घर कळलं. हॅटमधला पत्ता खोडला.

२२ एप्रिल, बुधवार

क्लॅरीचा फोन. पक्कं ना? म्हटलं, पोरगी आनंदानं नाचतेय. ती त्या वेळी आंघोळ करत होती.

रात्री जरा अंदाज घेतला. म्हटलं, मुलगारीत घरं केवढी मोठी, हवा केवढी स्वच्छ. ती म्हणाली, मग तूच इकडे येऊन राहा ना, बाबा. पुढची खोली रिकामीच आहे. चार वर्षं सांगतेय. मी टीव्हीचा आवाज वाढवला. तिला माझी काळजी वाटते ती स्वतःच्या एकटेपणामुळे. हे मानसशास्त्र आहे.

२५ एप्रिल, शनिवार

ॲन्झॅक डे, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस. पहाटेच्या प्रार्थनेला दोघं गेलो. बिगुल वाजला तेव्हा अंधारात तिनं माझा हात धरला. गर्दी खूप होती. मी हात सोडवून घेतला आणि मोजा चाचपला. पाकीट होतं.

२६ एप्रिल, रविवार. सकाळी ८.४०

आजचा दिवस. भाषण पाठ. जेवणाआधी एक डुबकी मारणार, म्हणजे आवाज मोकळा होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.४०

जे झालं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर लोक वाढवून सांगतील.

पोहायचं दोन झेंड्यांच्या मध्ये, असा नियम. तिथं शंभर माणसं, पोरं, लाटांचा धिंगाणा. पलीकडे शंभर पावलांवर पाणी शांत, एक लाट फुटत नव्हती, अगदी आमच्या शेततळ्यासारखं. तळ्यात मी पन्नास वर्षं पोहतोय. शांत पाणी ते सुरक्षित पाणी, हे कुणी मला शिकवायला नको. तिथं उतरलो. किनाऱ्यावरून शिट्टी वाजली. मी आपला रीतीनं हात वर केला.

हात वर करणं म्हणजे वाचवा, असं इथं धरतात. खरं सांगायचं तर तोवर वाचवायची वेळ आलीच होती. लाट फुटत नाही तिथूनच पाणी परत समुद्रात धावतं म्हणे. मी किनाऱ्याकडे पोहत होतो आणि किनारा लांब जात होता.

तरंगत्या बोर्डवर पालथी पडून, हातांनी पाणी कापत ब्रॉनविन आली. म्हणाली, धर. पोहू नकोस. बोलू नकोस. मी भाषणाचं काहीतरी सांगू लागलो. गप्प, बाबा! नोरीननंतर असं मला कुणी गप्प केलं नव्हतं.

वाळूत कुशीवर निजवला, ऑक्सिजन लावला. सगळी तुकडी, जेवणाचे डबे घेऊन आलेला क्वान, शंभर पोरं, सगळे बघत होते. सगळ्यांना तिचं नाव माहीत होतं. एक बाई म्हणाली, ब्रॉन नसती तर गेल्या वर्षी माझा नवरा गेला असता. भाषण झालं नाही. चड्डीवर भाषण होत नाही.

क्लॅरीला फोन करून काउंटरसाठी दुसरं कुणी बघायला सांगितलं. पोरीची शहराला फार गरज आहे, असं कारण दिलं.

मग फॉर्म. वाचवलेल्या प्रत्येकाचा भरतात. कॅप्टन भरते. ब्रॉनविन समोर बसली, केस ओले, आवाज सरकारी. नाव? मर्विन हॅड्रेल. वय? सदुसष्ट. झेंडे दिसले होते? हो. शिट्टी ऐकू आली? हो. पुढचं विचारताना तिनं वर बघितलं. फुप्फुसात पाणी गेलेलं असू शकतं, दोन दिवस कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. उद्या तू घरी जाणार. घरी कोण आहे?

क्लॅरीचं नाव आठवून बघितलं. तो बारा किलोमीटरवर राहतो.

कुणी नाही, म्हटलं.

ती लिहीत होती, मला तिचा चेहरा दिसेना. चष्मा समुद्रात गेला होता, म्हणून तिनं खालची ओळ वाचून दाखवली. घरी एकटा राहतो, लक्ष ठेवायला कुणी नाही. हे बरोबर आहे का, बाबा? असेल तर इथं सही कर.

सही केली. जरा वाकडी आली. थंडीमुळे असेल. पाणी तसं कोमटच होतं.