यादीतली राळ

शनिवार, ४ फेब्रुवारी १९३३, संध्याकाळी सव्वासहा. पडवीत तारेचे सांधे तपासत बसलो आहे.

सोमवारी बिनतारीचा वर्ग सुरू होतो. मास्तर म्हणाले, "मॅट्रिक नाहीस. तरी यादीतले सगळे सामान आणलेस तर बघू." अकरा वस्तू मिळाल्या, तारेच्या सांध्यावर डाख धरायला लागणारी राळ राहिली. तिच्याऐवजी कल्हईवाल्याचा नवसागर लावून पाहिला, तर बारीक तार हिरवी पडून तुटली. म्हणून काल पूर्णगडला गेलो. होड्या बांधून त्यांच्या फटी राळेने बुजवणारा सुतार हसला, "राळ मागतोस, होडी कुठाय रे तुझी?" पण खडा दिला. आता सांधा पक्का. तीनदा ओढून पाहिला.

दादा म्हणतो, "दारातूनच परत पाठवतील." पाठवू देत! बाराही वस्तू टेबलावर मांडीन. मास्तर, नाही म्हणायचे तर त्या वस्तूंकडे बघून म्हणा.

खर्च दोन रुपये तीन आणे, उधारी सहा आणे. फीचे तीन रुपये वेगळे बांधलेत. ते घ्यावेच लागतील.