उपड्या पेल्यातलं पाणी

अण्णा, तुमचा उपड्या पेल्याचा प्रयोग मी गेल्या आठवड्यात रेडिओवर सांगितला, आणि तेव्हापासून तुमच्याबद्दलचा एक जुना संशय पुन्हा वर आला आहे.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. निजामाचं राज्य गेलं. मी हैदराबादला मामांकडे राहून शिक्षिकेचं शिक्षण घेते. तिथल्या रेडिओवर आठवड्यातून एकदा गावाकडच्या लोकांसाठी मराठी कार्यक्रम असतो, त्यात मामांच्या ओळखीनं मला पंधरा मिनिटं मिळाली. दूध उतू का जातं, माठातलं पाणी गार का होतं, असलं काही मी सांगते. शब्द सगळे तुमचेच. सरकारी शाळेत तुम्ही उर्दूत शिकवायचात आणि संध्याकाळी तेच मला चुलीपाशी मराठीत सांगायचात. शाळेतला 'हवा का दबाव' घरी येईपर्यंत 'हवेचा रेटा' झालेला असे. लहानपणी मी शाळेचं तोंड न पाहता शिकले, त्यामुळे नुसतं ऐकून कळायला किती सोपं बोलावं लागतं, हे मला ठाऊक आहे.

तो दिवस मला अजून दिसतो. हेडमास्तर आले आहेत. त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला काचेचा पेला पडवीतल्या कोनाड्यातून काढून आई त्यात लिंबाचं सरबत देते. ते पितात. तुम्ही तोच पेला विसळून पाण्यानं काठोकाठ भरता, वर एक जाड कागद ठेवता, तळवा लावून उपडा करता आणि हात काढून घेता. पाणी पडत नाही. हेडमास्तर म्हणतात, "वाह मास्तर, जादू!" तुम्ही म्हणता, "जादू नाही साहेब, खालून हवेनं धरलंय." माझा ऊर अभिमानानं भरून येतो. मग ते गेल्यावर मी पेला धुवायला घेते आणि त्याची कड माझ्या बोटांना चिकट लागते. पडवीतच खळीची वाटी पडलेली असते. सकाळी तुम्ही माझ्या पुस्तकांना कव्हरं घातलेली असतात.

मी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तुमची प्रत्येक गोष्ट मी आडून तपासत आले.

रेडिओवर मी पाण्यानं भरलेला पेला घेऊन गेले होते. तिथल्या साहेबांनी दारातच अडवलं. "पानी अंदर नक्को. मशीन खराब होता." मी म्हणाले, उलटा करून दाखवायचा आहे. ते हसले. "किसकू दिखता बीबी? बोल देव बस." मग मी पाणी बाहेर ओतलं आणि रिकामा पेला हातात धरून बोलले. "हा बघा, वर कागद ठेवून मी पेला उपडा केला. आता हात काढते." एवढं बोलून क्षणभर थांबलेसुद्धा. "एक थेंब पडला नाही. आता तुम्ही घरी करून बघा."

लोकांनी करून बघितलं. परवा सुट्टीत गावी नळदुर्गला आले आणि मोटारीतून उतरून वाण्याच्या दुकानापुढून निघाले, तर आप्पांनी गादीवरूनच हाक मारली. तुमच्या वेळचे आप्पा. आता त्यांनी दुकानात रेडिओ घेतलाय.

"ये मास्तरीणबाई! तुझ्या इज्ञानानं माझी गुळाची ढेप भिजवली की!"

"काय झालं आप्पा?"

"व्हायचं काय? तू म्हणालीस करा उपडा, आमी केला. ह्यो हमाल तर पेला डोक्यावर धरून हुबा. न्हाऊन निघाला."

तेल घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "माझं तर सासूच्या अंगावर सांडलं. मला लई बरं वाटलं बघा." सगळे हसले. मीही हसले.

"पर मास्तरांचा येकदा बी सांडला न्हाई," आप्पा म्हणाले. "हितंच, माझ्याच पेल्यानं. कागुद तेवढा त्येंनी खिशातनं काढला."

"खिशातनं?"

"व्हय. का गं?"

"काही नाही."

"आन् तुझा? तुझा न्हाई न्हवं सांडला?"

"नाही सांडला," मी म्हणाले. शब्दशः ते खरंच होतं. रिकाम्या पेल्यातून काय सांडणार?

घरी येऊन मी घमेलं घेतलं आणि वीस वेळा प्रयोग केला. आई म्हणाली, "तेही असेच जमीन ओली करायचे." सात वेळा सांडलं. पितळी पेल्याची कड चेपलेली असली तर सांडतं, वर्तमानपत्राचा कागद भिजला की सांडतं. कड सरळ आणि कागद जाड असला तर बहुधा टिकतं. म्हणजे कागद बरोबर बाळगण्यात तुमचं शहाणपणच असेल. एवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. पण मग मी कडेला खळ लावूनही पाहिलं. खळ लावली की एकदाही सांडत नाही. आणि आप्पा म्हणतात, तुमचा एकदाही सांडला नाही.

तुमचं काय होतं ते आता कळायचं नाही. माझं मला माहीत आहे. पुढच्या कार्यक्रमाच्या मजकुरात मी पहिलंच वाक्य लिहिलंय: मागच्या वेळी माझ्या हातातला पेला रिकामा होता. मामा म्हणतात, असं बोललीस तर तिथं पुन्हा उभी करणार नाहीत. साहेब मजकूर आधी वाचतात. त्यांनी ते वाक्य खोडलं तर मी तोंडानं सांगेन. मग कड, कागद, घमेलं सगळं सांगेन, आणि कधीकधी सांडतं हेही सांगेन.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या उर्दू पुस्तकात घडी करून ठेवते. एक मात्र राहिलं. पेला धुताना बोट जिभेला लावलं असतं तर सरबत की खळ, ते तेव्हाच कळलं असतं. दुसऱ्याचं उष्टं म्हणून लावलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. पडवीत कुणी नव्हतं, मी बोट तोंडापर्यंत नेलंही होतं. गोड लागलं नाही तर काय करायचं, ते सुचेना. म्हणून चिमूटभर राख घेतली आणि कड घासून टाकली.