रुमालाबाहेरचा भाव

प्रिय माय,

तू गेलीस त्याला चार वर्षं झाली, आणि पत्र मी आज लिहायला घेतलंय. तुला वाचता येत नव्हतं. पण मला अक्षरं यावीत म्हणून पावसाळ्याचे चार महिने तू मला झरीला मामाकडे ठेवायचीस. ती अक्षरं तुझ्याच कामी येतील असं तेव्हा कुठे ठाऊक होतं! सोनपेठच्या येत्या बाजारात आमची छपराची बैलगाडी बदलायची ठरलीय. जुनी द्यायची, नवी घ्यायची, वर पैसे मोजायचे. हे ठरल्यापासून तुझ्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडेना.

आपली ती पहिली गाडी आठवते ना? गावोगाव बांगड्या भरत हिंडणाऱ्या कासाराचं घर दुसरं असणार तरी कुठे! उशाला बांगड्यांच्या पेट्या, गाडीच्या सावलीत तीन दगडांची चूल. छप्पर गळायचं, चाकाची लोखंडी धाव सुटायची आणि झोपताना आपल्याला पाय पोटाशी घ्यावे लागायचे. त्यात तुला दिवस गेले होते. जत्रांचा हंगाम सोडून माहेरी जाणं जमणार नव्हतं. "पाय पसरून बाळंत होता यील येवढी तरी गाडी घ्या," असं तू बापाला म्हणालीस. हट्ट तो एवढाच.

बा भला माणूस, पण सौद्यात कच्चा. गंगाखेडच्या बाजारात दलालानं त्याचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि आत दोघांची बोटं चुळबुळू लागली. भाव तिसऱ्याला कळू नये म्हणून बाजाराची ती रीतच. थोड्या वेळानं बा हसत तुझ्याकडे आला. म्हणाला, "नव्या गाडीचे ऐंशी. आपल्या जुनीचे तीस धरलेत. वर पन्नास द्यायचे."

"ऐंशी कशाचे अन् तीस कशाचे?" तू विचारलंस.

"म्हंजे?"

"नवीचे कलदार रुपये अन् जुनीचे हाली रुपये, असं तर न्हाई ना?"

बानं दलालाकडे बघितलं. दलालानं बैलाकडे बघितलं! बोटं आकडा सांगतात, नाणं कुठलं ते कुठे सांगतात?

मग तू उठलीस. सातवा महिना, पदर खोचलेला, अशी तडक दलालापुढे जाऊन उभी राहिलीस. तो म्हणाला, "बाई, ह्यो बाप्यांचा सौदा हाय. रुमालाखाली बाईमानसाचा हात येत न्हाई."

"मंग नका घेऊ हात. तोंडानं बोला. इंग्रजाचा कलदार मोलानं जड, आपल्या सरकारचा हाली हलका. घ्यायला जड अन् द्यायला हलका, ही कोन्त्या बाजारची रीत? काय झाकायलाव त्या रुमालाखाली?"

भोवती माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "कासारीण लय बोलायलीय!" तशी तू गर्रकन वळलीस. "माझा मालक दिसभर तुमच्या बायकांचे हात धरून बांगड्या भरतो, तवा कुनाला लाज वाटत न्हाई. म्या नुस्तं तोंड उघडलं तर लाज!"

काय हसली, माय, ती माणसं! चारचौघांत बोलणं झालं म्हटल्यावर दलालाला दोन्ही गाड्यांचा भाव हालीतच धरावा लागला. आणि त्याच नव्या गाडीत, पाय पसरून, तू माझ्या भावाला जन्म दिलास.

इथपर्यंत मी ही गोष्ट सगळ्यांना सांगते. पुढचं कधीच कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी बा मान खाली घालून बसला होता. बायकोच्या पदराआडचा नवरा म्हणून लोक त्याला चिडवत होते. मी अकरा वर्षांची. मला त्याची कीव आली आणि तुझी लाज वाटली. हो माय, तुझी! नव्या गाडीत तुझ्याशेजारी न बसता मी मागून चालत आले. संध्याकाळी तू भाकरी वाढलीस तेव्हा म्हणाले, "माय, तू बाजारात बोलत नको जाऊ. लोक हसतात."

तू माझ्याकडे जरासं बघितलंस आणि म्हणालीस, "बरं."

एवढंच! रागवायचंस, एक धपाटा घालायचास. माझं कसलं ऐकलंस तू? दलालापुढे न नमणारी बाई, पोरीपुढे कशी नमलीस?

दोन वर्षांनी बानं बैल बदलला. त्या नव्या बैलाचा मागचा पाय चालताना आखडतो हे तू लांबूनच ओळखलं होतंस. मी तुझ्याकडे बघत होते. तू ओठ मिटून माझ्याकडे बघितलंस आणि गाडीत जाऊन बसलीस. झरीच्या वाटेवर तो बैल बसला तो उठेचना. पुढचे तीन कोस तू बांगड्यांच्या पेट्या डोक्यावर वाहिल्यास. तेव्हाही मला बोल लावला नाहीस. लावला असतास तर मी मोकळी झाले असते गं!

त्यानंतर कुठल्याच सौद्यात मी तुझा आवाज ऐकला नाही. तुझी माफी मागायचं रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं.

काल माझी लेक सगुणा म्हणाली, "माय, बाजारात तू आबाच्या मदी बोलू नको. माझ्या मैत्रिणी असत्यात तितं." दहा वर्षांची आहे; बापाला आबा म्हणते. माझी भाकरी तव्यावरच करपली.

माय, तुझी शपथ घेऊन सांगते. मी तिला जवळ घेईन, समजावीन, रुसली तर रुसू देईन. मागून चालत आली तर गाडी हळू हाकायला लावीन. पण तिला "बरं" म्हणणार नाही.

तुझं तोंड बंद करणारी
तुझीच लेक,
गोदा